वापरायचं पाणी

माझं विद्यापीठ मक्याच्या शेतांच्या मधोमध होतं. शिकागोहून तीन तास दक्षिणेला, आणि तिथून कुठल्याही दिशेला दिवसभर गाडी हाकली तरी समुद्र दिसायचा नाही. तिथे बसून आम्ही प्रशांत महासागरातल्या एका बेटाच्या पाण्याची काळजी वाहत होतो. मला हे पहिल्या दिवसापासून हास्यास्पद वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायची. माझ्या जिभेला हाड नाही हा जुना लौकिक आहे. प्राध्यापक शांतपणे म्हणायचे, ‘‘तिथे पंप आहे, माणसं आहेत. फक्त गणित करून द्यायचंय.’’ ते गणित करणारी मी. २००४ साली पुण्याहून इंजिनिअरिंग करून आलेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी.

बेट इतकं सखल होतं की गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चची पायरी. समुद्र वर सरकत होता. मोठ्या भरतीला लाटा गावातून आरपार जायच्या, आणि एकेक विहीर खारावत चालली होती. भरवशाची एकच जागा उरली होती, जमिनीत आडवे पुरलेले पाइप आणि त्यांवर बसवलेला एक जुना पंप. अशा बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. हलक्या हाताने काढलं तर मिळत राहतं. हाव केली की खालचं खारं वर येतं, आणि एकदा वर आलं की महिनोन्महिने हटत नाही. तर पंप रोज किती तास चालवायचा, एवढंच मी सांगायचं होतं. मी सांगितलं, आठ तास. प्राध्यापकांनी सही केली आणि सप्टेंबरात आमचा कागद बेटावर गेला.

तिथे पंप सांभाळणारे एक गृहस्थ होते. आमच्या सोमवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या मंगळवारी सकाळी, ते फोन करून पाण्यातल्या खारटपणाचा मीटरवरचा आकडा सांगायचे आणि मी तो वहीत लिहून घ्यायची. मागे कोंबडे आरवत असायचे. फार सभ्य माणूस. दर वेळी आधी माझ्या आईवडिलांची चौकशी, मग आकडा.

जानेवारीपासून आकडा चढू लागला. थोडा थोडाच, पण दर आठवड्याला. प्राध्यापक म्हणाले, यंदा तिथे पाऊस कमी झालाय, एवढं होणारच. मीही मान हलवली. पण सोमवार जवळ आला की मला जेवण जायचं नाही.

याला कारण आमचं गाव. कोकणात खाडीच्या काठावर आमचं घर. मी नऊ वर्षांची असताना एका उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं आणि त्यानंतर आमची विहीर बिघडली. बिघडली ती एका दिवसात नाही. आई रोज सकाळी पहिल्या कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावायची आणि थुंकून टाकायची. एक दिवस ती म्हणाली, ‘‘मचूळ लागतंय.’’ वडील म्हणाले, तुला भास होतोय. आठवड्याने डाळ शिजेना. महिन्याने सगळ्या वाडीला ते पाणी तोंडात धरवेना. त्या दिवसापासून आमच्या घरी पाण्याच्या दोन जाती झाल्या, पिण्याचं आणि वापरायचं. पिण्याचं अर्ध्या तासावरून डोक्यावर यायचं. विहिरीचं ते वापरायचं, भांड्यांना आणि धुण्याला. वाडीतल्या बायका पुढे कुठल्याही नव्या पाण्याचा तांब्या आधी आईपुढे धरायच्या, आणि ती मान हलवेपर्यंत कोणी प्यायचं नाही.

फेब्रुवारीत बेटावरून पाण्याचे नमुने आले, दर तीन महिन्यांनी यायचे तसे. प्रयोगशाळेत तपासले. आकडा वाढलेला, पण मर्यादेच्या आतला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र एका बाटलीतलं उरलेलं पाणी पिशवीत घालून घरी आणलं. कशासाठी, ते कोणाला सांगायची सोय नव्हती. पीएचडीची विद्यार्थिनी पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीने करते म्हटल्यावर लोक हसले असते.

रविवारी दुपारी मी दोन पातेल्यांत डाळ लावली. एकात नळाचं पाणी, एकात बेटाचं. बाहेर बर्फ पडत होतं. माझी रूममेट नागपूरची, कॉम्प्युटर सायन्सवाली. ती गॅसपाशी येऊन उभी राहिली.

‘‘हा काय प्रकार आहे यार?’’

‘‘बघ तू.’’

नळाच्या पाण्यातली डाळ तासाभरात मऊ झाली. बेटाच्या पाण्यातली दोन तासांनीही दाण्याला दाणा वेगळी. चमच्याने दाबली तर टणक.

‘‘पाणी हार्ड असेल,’’ ती म्हणाली. ‘‘एवढं काय टेन्शन घेते?’’

तिचंच बरोबर होतं. बेट पोवळ्याचं, आणि पोवळ्याच्या जमिनीत चुना असतो. त्या पाण्यात डाळ कधीच शिजली नसती, चांगल्या वर्षीसुद्धा नाही. हे मला पुस्तकातून ठाऊकही होतं. पण त्या घटकेला मला काही आठवलं नाही. मला भीती वाटली, नऊ वर्षांच्या मुलीला वाटते तशी. मी कॉलिंग कार्डावरचा नंबर घासून काढून आईला फोन लावला. तिकडे पहाट झाली होती.

‘‘अगो, डाळ शिजत नाही ना? मग त्या पाण्याची चूळसुद्धा भरू नकोस,’’ आई म्हणाली. ‘‘कोण पितंय ते?’’

मी म्हटलं, एक गाव पितंय.

फोन ठेवून मी गणिताची फाइल काढली आणि पहिल्या ओळीपासून तपासायला बसले. रोज किती पाणी काढणं सुरक्षित ते लिटरमध्ये बरोबर होतं. पंपाची क्षमता त्यावरच्या पाटीच्या फोटोवरून घेतली होती, गॅलनमध्ये. ते मी अमेरिकन गॅलन धरून लिटरमध्ये केले होते. दोन वर्षं दूध गॅलनने आणत होते, पेट्रोल गॅलनने भरत होते. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर हे इतकं अंगवळणी पडलं होतं की विचारायचंच राहून गेलं. पाटीच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, पंप इंग्लंडात बनलेला. इंग्लंडचा गॅलन साडेचार लिटरचा. आमच्या गावच्या पाणी उपसायच्या जुन्या इंजिनाच्या टाकीवर तोच असायचा, वडिलांनी मला लहानपणी समजावलाही होता.

आठ तास नाही, साडेसहा. गेले पाच महिने ते गाव रोज दीड तास जास्त पाणी उपसत होतं, माझ्या सांगण्यावरून.

रूममेटने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं, जणू बाहेर कोणी ऐकत होतं. ‘‘हे बघ, प्रोफेसर स्वतः ड्रॉट म्हणतायत ना? मग ड्रॉट. तू चुपचाप नवीन कॅलक्युलेशन पाठव, ‘रिव्हाइज केलं’ म्हण. त्यांनी फंडिंग कॅन्सल केलं तर व्हिसा स्टेटस जाईल तुझं. मग बॅग भर आणि घरी जा.’’

ती वाईट मुलगी नव्हती. मलाही तेच सुचलं होतं, तिच्या आधी. घरी काय तोंड दाखवणार, या विचाराने मी त्या दिवशी जितकी घाबरले, तितकी त्या गावासाठी घाबरले नाही. हे लिहायला आजही लाज वाटते.

सोमवारी सकाळी प्राध्यापकांच्या खोलीत गेले आणि पाटीचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग विचारलं, ‘‘हे कोणी तपासायचं होतं?’’

‘‘मी.’’

‘‘आणि सही कोणाची आहे?’’

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. ते म्हणाले, ‘‘दुपारच्या फोनची वाट बघायची नाही. आत्ता लाव.’’

तिकडे रात्र होती, तरी गृहस्थांनी फोन उचलला. आधी माझ्या आईवडिलांची चौकशी केली. मग मी एका दमात सगळं सांगितलं. चूक माझी, गॅलन, दीड तास, पंप आता काही आठवडे पूर्ण बंद ठेवा, पावसाच्या टाक्यांवर भागवा.

‘‘बायका पाच आठवडे सांगतायत,’’ ते म्हणाले. ‘‘पाणी बदललं म्हणून. रोज पंपावर येऊन सांगतात. मी त्यांना तुमचा कागद दाखवायचो. प्लास्टिकमध्ये घालून पंपाच्या दारावर लावलाय. म्हणायचो, अमेरिकेत मोजलंय, तुमच्या जिभेला काय कळतं?’’ मग म्हणाले, ‘‘त्यांच्यात माझी आई आहे. ती सगळ्यात आधी आली होती.’’

प्राध्यापक समोर होते म्हणून मी रडले नाही. फोनवरून गृहस्थांनी विचारलं, ‘‘मग कागद काढून टाकू?’’ मी म्हटलं, काढा.

फंडिंग गेलं नाही. प्राध्यापकांनी बेटाच्या सरकारला पत्र लिहून चूक स्वतःच्या सहीवर घेतली. माझ्याशी मात्र ते महिनाभर कामापुरतंच बोलले, आणि ते योग्यच होतं. नव्या अहवालात मी एक वाक्य घातलं की रोज पंप सुरू करण्याआधी गावातल्या जाणत्या बाईने पाणी चाखावं, आणि ती नको म्हणाली तर मीटर काहीही म्हणो, पंप सुरू करू नये. प्राध्यापक सहसा अशी वाक्यं खोडतात. हे त्यांनी ठेवलं.

त्यानंतर सोमवारचा फोन आला की मी आकडा नंतर विचारायची. आधी विचारायची, आई काय म्हणते? पाणी चाखायचं काम गावाने त्यांच्या आईकडेच दिलं होतं. ते सांगायचे, ‘‘अजून नाही.’’ म्हणजे पंप बंद, गाव पावसाच्या टाक्यांवर. उन्हाळा गेला, तिकडे पाऊस चांगला झाला, मीटरचा आकडा पुष्कळ खाली आला, पण उत्तर तेच. मधेच एका मोठ्या भरतीला लाटा पुन्हा गावातून गेल्या. आता त्या खारटपणात माझ्या दीड तासाचा वाटा किती आणि समुद्राचा किती, हे कुठल्याही गणिताने सुटत नव्हतं. मी ते करून पाहिलं आहे, कितीदा तरी.

२००८ साली डिग्री झाली, शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी लागली. निघण्याआधीच्या शेवटच्या सोमवारी मी त्यांना सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून फोन दुसरं कोणीतरी घेईल. त्यांनी अभिनंदन केलं. कोंबडे आरवत होते. मी विचारलं, ‘‘आई काय म्हणते?’’

‘‘आज सकाळीच चाखलं तिने,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणाली, वापरायला चालेल.’’