भुलीचा निवाडा

घाटंजीच्या बाजारात सीताफळं विकणाऱ्या बायका पुष्कळ, पण जमनीकाकीच्या टोपलीशी भाव करायला माणसं दबकत. कुणी फळ दाबून पाहिलं की ती म्हणे, "दाबायचं असंल तं घरच्या बाईचे पाय दाब, फळ ठेव खाली." आजूबाजूचे हसत आणि तो बिचारा मुकाट्यानं डझनभर फळं घेऊन जाई. हीच काकी आमच्या बंजारा तांड्यात आली की तिचा आवाज कुठं जायचा कोण जाणे. तांड्याचे नाईक धावजी हे तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर ती चाळीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. ओढणी पुढं ओढायची आणि सांगायचंच असलं काही, तर ते घरातल्या एखाद्या पुरुषाच्या तोंडून सांगायचं, अशी आमची रीत होती.

मी तिचा पुतण्या, प्रेमसिंग. तिला मूलबाळ नव्हतं. माझे आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनं मला भाकर घातली आणि शाळेत धाडलं. मी सातवी पास होऊन तांड्यातच मास्तर झालो, त्याचं तिला कोण कौतुक. आमचं घरातलं बोलणं गोरबोलीत चाले. सगळ्यांना कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत लिहितो.

१९६३ च्या कार्तिकात डोंगरावरून टोपली घेऊन उतरताना तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. त्यात पंधरा दिवस गेले आणि पाय आखूड झाला. मग दमणीतून घाटंजी आणि तिथून यवतमाळचा दवाखाना. नागपूरचे एक सर्जन महिन्यातून एकदा तिथं यायचे. त्यांनी फोटो काढून सांगितलं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मोडलाय, तो काढून पोलादाचा बसवू, म्हातारी काठी धरून चालेल. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, खेमसिंगांना, ते खरंच वाटेना. बैलगाडीचा आस बदलतात तसं माणसाचं हाड बदलता येतं, हे ते दिवसभर भेटेल त्याला सांगत होते.

अडलं ते भुलीवर. भुलीचे डॉक्टर मला म्हणाले, "दोन प्रकार आहेत. नाकातोंडावर औषध देऊन पूर्ण झोपवायचं, नाहीतर पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं. तिला दमा आहे. मी कण्यातली देईन. पण ती जागी राहील, ठोकाठोक ऐकेल, आणि पुष्कळांना ते नको असतं. घरच्यांना विचारा आणि संध्याकाळपर्यंत सांगा."

घरचे म्हणजे कोण? तिच्यामागं तांड्यातली वीस-बावीस माणसं आली होती. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली त्यांनी चूल मांडली होती. आमच्याकडं लग्न असो, भांडण असो, चोरी असो, निवाडा नसाब करते. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नाईक मधे, कर्ते पुरुष भोवती. ज्या बाईची गोष्ट असेल ती मागं तोंड झाकून बसते आणि तिचा नवरा नाहीतर भाऊ तिच्या वतीनं बोलतो. तर भुलीचाही निवाडा नसाबनंच करायचा ठरला. मी दोन्ही प्रकार समजावून सांगितले. काकीची खाट वरच्या मजल्यावर होती, ती काही खाली येऊन मागं बसणार नव्हती.

देवीलाल नावाचा एक जण म्हणाला, "माह्या साळ्याच्या पोराले ताप आलता. पाठीत सुई टोचली अन् पाय गेले त्याचे." पाय तापानं गेले होते, सुईनं नाही. मी तसं म्हटलं.

"मास्तर, तू तथी होता का?" देवीलालनं विचारलं. लोक हसले.

दुसरा म्हणाला, बाई जागी राहील अन् चार पुरुष तिचा पाय उघडा करून बसतील, हे कसं? काका नुसते मान हलवत होते. शेवटी नाईक बोलले. "माह्या घरात येऊन तिनं सारं जागेपनी सोसलं. एवढं तरी तिले कळू नोका देऊ. झोपवा तिले." यात वाईट काय होतं? प्रेमानंच बोलले ते. मग मला म्हणाले, "जा, तिले सांगून ये."

सांगून ये, असं म्हणाले. विचारून ये, असं नाही.

काकीजवळ माझी बायको बिजली बसली होती. मी सांगितलं ते ऐकून काकीनं डोळे मिटले आणि म्हणाली, "मले जागी ठेवा रे. पायाले भेत नाई मी. मी आडवी झाली की जीव कोंडते, तुले ठाऊक हाय." मला ठाऊक होतंच. थंडीत ती भिंतीला पाठ लावून बसल्याबसल्याच झोपायची. "नाईकाले माहं नाव नोको सांगू," ती म्हणाली. "तूच आपल्या मनानं म्हन, का सुईच बरी."

मी खाली आलो. चिलीम फिरायला लागली होती, म्हणजे निवाडा झाला होता. तो मोडायचा म्हणजे नाईकांचा शब्द मोडायचा. मला नसाबमध्ये बसू द्यायला लागून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. शिकला अन् शहाणा झाला, हे मला परत ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधतोय आणि मला सापडलेलं नाही.

"सांगितलं का?" नाईकांनी विचारलं.

"सांगितलं," मी म्हणालो आणि चिलीम घेतली.

डॉक्टरांनी कागदावर काकांचा अंगठा घेताना मला विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हणालो.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढच्या फोटोत तो गोळा लख्ख दिसत होता. काकी शुद्धीवर आली आणि खोकू लागली. छातीत कफ भरला होता, आणि पायामुळं तिला उठून बसता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं, प्राणवायू लावला, होतं ते सगळं केलं. मी तिच्या उशाशी होतो. तिनं धापा टाकत विचारलं, "तू बोलला होता ना रे?"

"बोललो काकी," मी म्हणालो. "त्यायनं ऐकलं नाई."

तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला अजून सोसत नाही. ती बिजलीला म्हणाली, "पाह्य, आजपावतो माह्याकडून कोनी बोललं नोहतं." पाचव्या दिवशी ती गेली.

तांड्यात नेली तेव्हा बायका जमल्या. आमच्या बायका नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाचं आयुष्य सांगत, एकेक ओळ सुरात ओढत रडतात. काकीचा बाजार झाला, सीताफळं झाली, डोंगर झाला. मग बिजलीनं सूर घेतला. तुला जागं राहायचं होतं याडी, माझ्या आई, बिजली रडत सांगत होती, तुझ्यासाठी माझा धनी भर नसाबमध्ये नाईकासमोर उभा राहिला, तुझा शब्द त्यानं मांडला. बाकीच्या बायकांनी ती ओळ उचलून धरली.

नाईक समोरच बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कोण बोललं आणि कोण नाही, ते त्यांना माहीत होतं. तिला जागं राहायचं होतं, हे मात्र त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि ओंजळीत तोंड झाकून घेतलं. बायका परत परत माझं नाव घेत होत्या, आणि मी ते ऐकत बसून राहिलो.