भगवानरावांची मुक्कामी गाडी

दिग्रस आगारात भगवानरावांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. लोकांची दिवाळी घरात व्हावी म्हणून ड्रायव्हरची दिवाळी स्टेअरिंगवर, हा असला न्याय! मुक्कामी गाड्या घेऊन ते कुठल्या कुठल्या गावी झोपले. पण झरी जामणीकडच्या सासुरवाडीत भाऊबीजेला एकदाही राहिले नाहीत. भागीरथाबाई दर वर्षी एकट्याच माहेरी जायच्या, तेही दुसऱ्याच ड्रायव्हरच्या गाडीत.

निवृत्ती झाली, तोवर बाईंचा मणका दुखावला. एसटीचे हादरे सोसवेनात. तीन भाऊबिजा हुकल्या. "आता देवीदासले फोनवरच ओवाळा लागन मले," असं त्या हसून म्हणाल्या, आणि ते हसणं भगवानरावांच्या जिव्हारी लागलं.

त्यांनी पाच वर्षं वापरलेली, विजेवर चालणारी मोठी गाडी घेतली. घरघर नाही, थरथर नाही. बाईंची कंबर गप्प राहिली. फक्त बॅटरी म्हातारी झालेली. नवी होती तेव्हा अडीचशे किलोमीटर जायची म्हणे. आता एकशे साठ जाईल, असं विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं. सासुरवाडी एकशे तीसवर. वाटेतलं एकुलतं चार्जिंग केंद्र बंद पडलेलं. पण हिशेब बसत होता.

भाऊबीजेला सकाळी शंभर टक्के भरून दोघं निघाले. एसी बंद, वेग पन्नास. तरी आर्णी येईस्तोवर पडद्यावरचा आकडा सत्तर टक्क्यांवर आला! अजून पंच्याण्णव किलोमीटर बाकी.

"माघारी चाला," बाई हळूच म्हणाल्या. "मी रडत नाही."

पण ओवाळणीचं ताट त्यांनी मांडीवर घट्ट धरलं होतं. ते बघून भगवानरावांनी गाडी पुढेच काढली. उतार लागला. त्यांनी सवयीनं गाडी न्यूट्रलवर टाकली. याच युक्तीनं आयुष्यभर डिझेल वाचवलं होतं त्यांनी, आगारात त्यासाठी सत्कारही झाला होता.

"अवो, हे काहून करता?" बाई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "मी कवाची पाहून राह्यली. उतारावर नुसता पाय उचलला का इथं हिरवी पट्टी येते. तुम्ही न्यूट्रल केलं का पट्टी गायब!"

भगवानराव थक्क झाले. उतारावर ही गाडी स्वतःच वीज परत भरून घेते, आणि आपण न्यूट्रल करून ती वाऱ्यावर सोडत होतो! एकतीस वर्षांची अक्कल एका बाईनं आर्णीच्या पुढं उतरवून ठेवली.

"मंग आता तूच सांग वं," ते म्हणाले.

मग काय, बाई कंडक्टर झाल्या. "पाय उचला. हां, आता हळू दाबा. चोपन... तेहतीस..." आयुष्यात पहिल्यांदाच त्या नवऱ्याच्या गाडीतून भाऊबीजेला निघाल्या होत्या, आणि हुकूम सोडत होत्या. भगवानरावांना इतकं सुख कुठल्याच ड्युटीत मिळालं नव्हतं.

देवीदासच्या अंगणात गाडी थांबली, तेव्हा नऊ टक्के उरले होते. ओवाळणी झाली. देवीदासनं कूलरच्या बोर्डातून वायर ओढली. "भाऊजी, घरच्या लाइनीवर हे उद्याच भरन."

"मंग राहाच लागन," भगवानराव म्हणाले. जावयानं हे वाक्य म्हणायला चाळीस वर्षं घेतली.

सकाळी ते उठून गाडीपाशी गेले. पडद्यावर शंभर होतं.

"भरली का जी?" दारातून बाईंनी विचारलं.

"नाही वं. अजून दोन-तीन घंटे लागन."

बाई गाडीपर्यंत चालत आल्या. आकडा त्यांनी नीट वाचला. कालच्या वाटेभर त्यांनीच तर वाचला होता. मग नवऱ्याकडे न बघता त्या घराकडे वळल्या आणि भावजयीला हाक मारून म्हणाल्या, "वयनी, पीठ जरा जास्त मळा. हे जेवूनच निघतीन."