बारा जणांना दिलेली खूण

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एकतीस वर्षं कात्र्यांच्या कारखान्यात जोडारी होते. मीही तिथेच, धारेच्या चाकावर. ताईचं लग्न ठरलं तेव्हा जोडारी म्हणजे काय हे मलाच वडिलांना समजावून सांगावं लागलं. त्यांना वाटत होतं की हा माणूस दोन पाती घेतो, मधे स्क्रू पिळतो आणि महिन्याला पगार उचलतो.

तसं नसतं. कात्रीची पाती सरळ नसतात, त्यांना किंचित बाक असतो. मिटताना ती बुडापासून टोकापर्यंत एका वेळी एकाच ठिकाणी टेकली पाहिजेत. जास्त टेकली तर कुरकुरतात, कमी टेकली तर कापड चावतात. दाजी पातं ऐरणीवर ठेवून हातोडीनं दोन-चार टिचक्या मारायचे, कात्री कानापाशी नेऊन उघडायचे, मिटायचे, पुन्हा एक टिचकी. शेवटी ओलं पातळ फडकं नुसत्या टोकानं कापून बघायचे. माझ्या हातून दिवसाला दीडशे पाती जायची आणि त्यांच्या हातून चाळीस कात्र्या. मी चिडवायचो, की दाजी, तुम्ही कात्री जोडताय की तिचं गाणं बसवताय? ते हसायचे आणि चाळीसच करायचे.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. प्रत्येक जोडारी आपली बारीक खूण पात्याच्या आतल्या बाजूला, स्क्रूखाली, कोरायचा. बाहेरून ती दिसायची नाही. कात्री कधीही परत आली, वीस वर्षांनी आली तरी, स्क्रू काढून खूण बघायची आणि ज्याची खूण त्यानं ती जेवणाच्या सुट्टीत फुकट नीट करून द्यायची. नव्या शिकाऊला दोन वर्षं स्वतःची खूण नसे. तो उस्तादाची खूण कोरायचा. म्हणजे याच्या हातून चुकलं तर माझ्याकडे या, असं उस्तादानं जगाला सांगितलेलं असायचं. ही परवानगी तोंडी असे. ती कधी कोणी लिहून दिली नव्हती, तशी गरजच पडली नव्हती.

मग परदेशी कंपनी आली. तिला कारखान्यात निम्मी भागीदारी हवी होती आणि तिच्या देशात दुसरा कारखाना काढायचा होता. मालकांना कामगारांची संमती लागणार होती, म्हणून कँटीनमध्ये सभा झाली. धाकट्या मालकांनी भिंतीवर आलेख दाखवले, सगळे वर चढणारे, आणि इथला एकही विभाग बंद होणार नाही असा शब्द दिला. मी उठून म्हटलं, की उंटाला तंबूत मान घालू दिली तर मालक बाहेर जातो, ही गोष्ट आम्ही पहिलीत शिकलो. लोक हसले. मला वाटलं, जिंकलो.

पण दाजी उठले. सभेत कधी न बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं, आपलं पोलाद कुठून येतं? परदेशातून. या माझ्या मेहुण्याचं धारेचं चाक? परदेशातून. आपल्या निम्म्या कात्र्या कुठे जातात? तेव्हा आपण तक्रार केली का? जग आपल्याला गिऱ्हाईक म्हणून चालतं, मग सोबती म्हणून का चालू नये?

"आणि तिकडच्या माणसाला काय पोट नसतं?" ते म्हणाले. "चांगली कात्री आणखी चार हातांनी जोडली तर आपले हात तुटत नाहीत."

संमती मिळाली. मीही हात वर केला. त्यांचं म्हणणं पटलं होतं म्हणून, हे मला आज कबूल करायला जड जातं.

आणि सुरुवातीची तीन वर्षं तेच खरे ठरले. पगार वाढले, अंधाऱ्या शेडमध्ये दिवे आले, माझा खोकला ज्या धुळीनं आला होता ती ओढून घेणारे पंखे आले. त्यांची मुलगी आमच्या घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात गेली. मला बोलायला जागाच राहिली नाही. दाजींनी मात्र एकदाही "बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही.

तिकडच्या कारखान्यासाठी बारा जण शिकायला आले. दाजींनी आठ महिने त्यांना शिकवलं. भाषेचा पत्ता नाही, सगळं कानानं आणि खाणाखुणांनी. त्यांच्यातली एक बाई दाजींपेक्षाही आधी कुरकुर ओळखायची. ताईला ते घरी येऊन कौतुकानं सांगायचे, ही पोरगी माझ्यापुढे जाईल. निघायच्या दिवशी रीतीप्रमाणे त्यांनी बाराही जणांना आपली खूण दिली. फक्त या वेळी माणसं समुद्रापार चालली होती, तोंडी शब्द तिथे कोण ऐकणार? म्हणून त्यांनी कागद घेतला आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं, की यांच्या हातची कात्री ती माझ्या हातची समजावी, यांनी माझी खूण वापरावी. खाली सही केली. धाकट्या मालकांनी तो कागद मोठ्या आदरानं घडी घालून खिशात ठेवला.

दीड वर्षात जोडणी विभाग बंद झाला. सभेत दिलेला शब्द कुठे गेला असं आम्ही विचारलं, तर तो इतिवृत्तात नव्हता. सहा महिन्यांनी धारेचा विभागही गेला. मी महिनाभर येईल त्याच्यावर आग पाखडत होतो, दाजींवरसुद्धा. ते ऐकून घ्यायचे. घराच्या ओसरीवर त्यांनी दुरुस्तीचं बाकडं मांडलं. एवढंच म्हणायचे, की ती बारा पोरं नीट काम करतायत, ते तरी वाया गेलं नाही.

मग ओसरीवर नव्या कात्र्या येऊ लागल्या. रंगीत खोक्यातल्या. खोक्यावर लिहिलेलं, "या खुणेमागे एका उस्तादाचं आयुष्य आहे." आणि कात्रीवर, आत नाही, बाहेर, पात्याच्या मधोमध, अंगठ्याएवढी मोठी दाजींची खूण. छापानं उठवलेली, सगळीकडे एकाच मापाची. कापड चावत होती. दाजी स्क्रू काढायला गेले तर स्क्रूच नव्हता, रिव्हेट ठोकलेला होता. म्हणजे ती उघडताच येत नव्हती आणि नीटही करता येत नव्हती. तरी ते खूण आपली म्हणून बदली जुनी कात्री देत राहिले. घरातल्या संपल्या. एका शिवणवर्गाच्या बाईंनी तर त्यांच्या भरवशावर बावीस घेतल्या होत्या. बाई भांडल्या नाहीत. "तुमची खूण बघून घेतल्या हो," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी दाजी जेवले नाहीत.

मी त्यांना घेऊन धाकट्या मालकांकडे गेलो. कारखान्याच्या जागी आता नुसतं गोदाम आहे, खोकी येतात आणि जातात. धाकट्या मालकांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि कपाटातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला.

"अक्षर तुमचंच ना?"

"बारा जणांना दिली होती," दाजी म्हणाले.

"त्यांनी पुढच्यांना शिकवलं. शिकाऊनं उस्तादाची खूण घालायची, ही तुमचीच रीत." ते चेष्टा करत नव्हते. वकिलाला विचारून ठेवलेलं उत्तर होतं ते.

दाजींनी त्या बाईबद्दल विचारलं, ती कुरकुर ओळखणारी. धाकट्या मालकांना ती आठवेना. मग सहज म्हणाले, की तो कारखाना मागच्या वर्षीच बंद केला, तिथेही मजुरी वाढली होती. आता तिसऱ्याच देशातून माल येतो, जोडणी मशीनवर होते.

चहा तसाच राहिला. दाजींची नोकरी गेली तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला होता. आज तो त्याहून पडला होता. त्यांच्या मनात इतके दिवस एक हिशेब होता, की इथलं तिथे गेलं, कोणाच्या तरी ताटात पडलं. ते कोणाच्याच ताटात नव्हतं. परतताना ते एकदाच बोलले. "त्या पोरीलाही वाटत असेल, मी फसवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर पाटी लावली. खडूनं खूण काढली आणि खाली लिहिलं, "ही खूण असलेली कात्री माझी नाही."

आठवड्याभरात एक म्हातारी शिंपीण आली. पिशवीतून तिनं कात्री काढली, मुठी झिजून गुळगुळीत झालेली, सत्तावीस वर्षांपूर्वीची. तिनं पाटी वाचली, कात्रीकडे पाहिलं आणि परत पिशवीत घालू लागली. "मला वाटलं होतं तुमचीच आहे. दुकानदारानं तेव्हा स्क्रू काढून दाखवली होती खूण."

दाजींनी हात पुढे करून कात्री मागून घेतली. स्क्रू काढला. आत खूण होती, बारीक, थोडी तिरकी, त्यांच्या तरुण हाताची. त्यांनी पातं ऐरणीवर घेतलं, तीन टिचक्या मारल्या, ओलं फडकं टोकानं कापून बघितलं. कात्री पहिल्यासारखी चालू लागली. मला वाटलं, झालं आता.

त्यांनी पुन्हा स्क्रू काढला. कानस घेतली आणि ती खूण घासायला लागले. सावकाश, पात्याला धक्का न लावता, पार साफ होईपर्यंत.

"काय झालं हो?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही आजी," दाजी म्हणाले, "जरा गंज होता."

मी शेजारीच बसलो होतो. गंज कुठेही नव्हता.