ईशान्येचं दार

तीस वर्षं मी लोकांवर ओरडत आलो. चितेगावच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. डोक्यावर हेल्मेट नाही, ओरड. वाटेत ड्रम ठेवला, ओरड. बाहेर पडायच्या दाराला कुणी नुसती सायकल टेकवली तरी सगळ्या शिफ्टसमोर त्याची अब्रू काढायचो. माघारी माणसं मला काय म्हणायची ते ठाऊक होतं आणि त्याचा मला अभिमानच होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको.

आई देवगाव रंगारीची. वडील गेल्यावर तिला शहरात आणलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिचे गुडघे गेलेले. ही झाली लोकांना सांगायची कारणं. खरं म्हणजे मला आणि बायकोला ते झेपेना. बीड बायपासच्या अलीकडे एक वृद्धाश्रम मिळाला. बैठी इमारत, बायकांची एक लांबलचक खोली, पुढं एक दार, मागं एक दार. मी कॉटच्या आधी दारं पाहिली. सवय.

आईनं एकच अट घातली. "माझे देव संगं येतील. नायतर मी कुठं जायची नाय."

देव सातच, पण देवघर वडिलांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेलं, अस्सल सागवानी. उचलायला दोन गडी लागायचे. टेम्पोतून उतरवलं तसं आश्रमाच्या व्यवस्थापकांनी मोबाइल काढून दिशा पाहिली आणि बोट दाखवलं. "साहेब, ईशान्य ही. देवाची जागा."

ईशान्येला मागचं दार होतं.

"ते तसंही कोण वापरतंय?" ते म्हणाले. पाच मिनिटांत देवघर दाराला टेकून उभं राहिलं. त्याची पाठ बरोब्बर कडीवर आली. एका आजींनी तर लगेच पुढ्यात रांगोळीही काढली.

मी ते पाहिलं. कडी झाकली गेली तेही पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसलो. वडील गेल्यापासून आई पहिल्यांदा हसत होती, हे एक कारण. दुसरं जास्त खरं. पहिल्याच दिवशी मी वाद घातला आणि ते म्हणाले, "मग घेऊन जा घरी," तर काय करणार होतो? कारखान्यात मी कुणाला घाबरलो नाही, कारण तिथं माझं काही अडलेलं नव्हतं.

थंडीत तपासणीचा कागद आला. आगीची रंगीत तालीम करा, अहवाल ठेवा. व्यवस्थापक गोड बोलत माझ्याकडे आले. "साहेब, तुम्ही यातले जाणकार." मी लगेच फुगलो. निवृत्त माणसाला ओरडायला कुणी उरत नाही, मला आयती खोलीभर माणसं मिळत होती. जुनी शिट्टी शोधून काढली, शर्टाला इस्त्री केली.

त्या दिवसापुरतं देवघर हलवा म्हटल्यावर सगळ्या बायका खवळल्या. आत देव असताना देवघर ढकलायचं? असं कुठं असतं? मग आईच उठली. हात धुतले, हात जोडले. "देवा, वाईच बाजूला व्हा, लगीच आणते." एकेक देव काढून, पदरानं पुसून तांब्याच्या ताम्हणात ठेवला. सातही झाल्यावर तिनं मान हलवली आणि दोन कामगारांनी देवघर बाजूला घेतलं. दार उघडलं. मागच्या शेताकडचा वारा आत आला.

मी बायकांना रांगेत उभं केलं. "पुढं धूर दिसला की पुढं जायचं नाही. मागं फिरायचं. मागचं दार गाठायचं." तीन तीनदा वदवून घेतलं. त्या खुसखुसत होत्या. आईच्या शेजारच्या कॉटवर एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या, "आयुष्यभर पोरांना रांगेत उभं केलं, त्याचं फळ बघा." सगळ्या हसल्या. आई तेवढी हसली नाही.

"हसू नका," ती म्हणाली. "माझ्या लेकाचं तेच काम व्हतं. त्याला लई कळतं यातलं."

फोटो निघाले. अहवालात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, बाहेर पडण्याचे मार्ग दोन, दोन्ही मोकळे. खाली सही. सही करताना दार खरोखरच उघडं होतं. या एका गोष्टीला मी पुढं फार दिवस चिकटून होतो. संध्याकाळच्या दिवाबत्तीला देवघर पुन्हा जागेवर गेलं. निघताना मी व्यवस्थापकांना म्हणालो, "हे कायमचं दुसरीकडं घ्या बरं का." ते म्हणाले, "घेऊ की, मुहूर्त बघून." मी घरी आलो, व्यवस्थित जेवलो, झोपलो.

उन्हाळ्यात टँकर चुकला. पुढच्या दाराजवळचा कूलर कोरडा पडला तरी चालूच होता. त्याची वायर एका जुनाट एक्स्टेन्शन बोर्डाला. कारखान्यात मी असा बोर्ड उचलून फेकला असता. दुपारी सगळ्या आडव्या झालेल्या असताना बोर्डानं पेट घेतला, मग कूलरच्या वाळलेल्या गवतानं, आणि खोली धुरानं भरली.

पुढचं मला शिक्षिकाबाईंनी सांगितलं. माझी तालीम कुणालाच आठवली नाही. रोजचं दार तेच पायांना ठाऊक. तोंडाला पदर लावून, खोकत, धडपडत सगळ्या पुढच्या दारानं बाहेर पडल्या. सगळ्या वाचल्या. बाहेर लिंबाखाली बसून पाणी प्यायल्या.

आईची कॉट पुढच्या दाराजवळच होती, गुडघ्यांमुळे मीच ती जागा मागून घेतली होती. दहा पावलांवर दार. बाईंनी तिचा हात धरून ओढला, "अहो, चला ना!" आईनं हात सोडवून घेतला. "पुढं नाय जायचं. मागं." आणि काठी टेकत, ती लांबलचक खोली पार करत, एकटीच मागं गेली.

कामगार ओला टॉवेल बांधून आत शिरले तेव्हा ती देवघरासमोर बसलेली होती. मांडीवर ताम्हण, त्यात सात देव.

चौकशीला आलेल्यांना व्यवस्थापकांनी माझा अहवाल दाखवला. सगळं नियमाप्रमाणे होतं. मला भेटायला आले तेव्हा हात जोडून म्हणाले, "देवापुढं बसलेल्या सापडल्या, साहेब. पुण्यवान बाई." देवघर आता दक्षिणेच्या भिंतीला आहे. त्याला मुहूर्त लागला नाही.

अहवालाखालची सही माझीच होती. कोणत्या तोंडानं बोलणार? ती पुढच्या दारानं गेली असती तर आज जिवंत असती. मागं ती माझ्या शब्दावर गेली.

जाण्याआधी दवाखान्यात ती चार दिवस होती. दुसऱ्या दिवशी तिनं तोंडावरचा मास्क स्वतःच बाजूला केला. मला वाटलं, पाणी हवंय. मी वाकलो.

"तू शिकिवलं तसंच केलं रं," ती म्हणाली. "देव समदे काढले. पर देवघर हलवायला कुणी आलंच नाय."