एका ताटातलं भरीत

वांगी भाजल्याचा वास आला की मला धुळ्यातला आमचा वॉर्ड आठवतो. नव्वदीच्या दशकात मी तिथे नर्स होते. एचआयव्ही झालेल्या, न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरचं ताट सगळे काठीने पुढे सरकवत, म्हणून त्याने जेवण सोडलं, गोळ्याही सोडल्या. एका दुपारी मी घरचं भरीत त्याच्या ताटात वाढलं आणि त्याच ताटात जेवायला बसले. तो घाबरला, "अक्का, मना ताटले हात लावू नका!" "गप रे भाऊ! भरीत बठ्ठं तुनंच शे का?" सगळं भरीत काय तुझ्या एकट्याचं, असं मी इतक्या जोरात गरजले की धुळ्याजवळच्या सोनगीरच्या किल्ल्याचा एखादा दगड नक्की निखळला असेल. तो हसला, खोकला, जेवला आणि त्याने गोळ्याही गिळल्या. महिन्याभरात स्टँडपर्यंत चालत गेला. औषध डॉक्टरांचं, मान्य. पण ते त्याच्या घशाखाली उतरवलं माझ्या भरताने, आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त मीच खाल्लं होतं, हे आज सत्तरीतही मी छाती फुगवून सांगते.