जावयाच्या दुकानाचं कलम

"उलटं करा बघू!"

लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात आमचे आमदार शिरले की कांदेवाल्यांची गाळण उडायची. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आधी तागडीचं पारडं हातात घ्यायचं आणि बुडाला बोट फिरवायचं. तिथं चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला की तो बाजारभर असा दाखवत फिरायचे, जणू घरात पाळणा हलला!

मी त्यांची शेजारीण. गल्ली त्यांना आण्णाच म्हणायची. आता आण्णा नाहीत, म्हणून हे बिनघोर लिहिते. आमदार तुम्हीही पाहिले असतील. शाल अंगावर पडली की त्यांची मान आपोआप वाकते. आमचे आण्णा शाल उलटी करून किमतीची चिठ्ठी शोधायचे. एका लग्नात तर स्टेजवरच पाण्याची बाटली उलटी करून ओरडले, "तारीख टळलीय हो!" नवरीच्या आईला वाटलं, मुहूर्तच टळला. बाई रडायलाच लागली.

असला माणूस ग्राहकाच्या कायद्याच्या समितीवर गेला. बाकीचे सभासद तिथं डुलक्या घ्यायचे आणि आण्णा एकच कलम धरून बसले होते: बियाणं बोगस निघालं तर कंपनीबरोबर विकणारा दुकानदारही भरपाईला बांधील.

"शेतकरी कंपनीला कुठं वळखतो, आक्का? दुकानदाराचं तोंड बघून पिशवी उचलतो."

गल्ली खो खो हसली. कारण आण्णांच्या एकुलत्या एका जावयाचं बी-खताचंच दुकान!

नेमका धोंड्याचा महिना लागला. धोंड्यात जावई म्हणजे देव. त्याला नाही म्हणायचं नसतं. मी वाढायला गेले होते. जावयानं पुरणाच्या धोंड्यावर तूप घेतलं आणि म्हणाला,

"मामा, अंगठी नको, गाडी नको. दुकानदाराचं तेवढं कलम काढा."

"जावईबापू, घरातलं काय बी मागा. ह्ये माझ्या घरातलं न्हाय."

"धोंड्यात न्हाय म्हणता व्हय?"

"म्हणतो. तूप वाढू का?"

जावई भरल्या ताटावरून उठला. त्याच्यामागं लेकही गेली.

कलम मंजूर झालं. पेपरात फोटो आला, पण लेक काही माहेरी येईना. दिवाळी गेली, पंचमी गेली. "दुकानात लई काम असंल," असं म्हणत आण्णा फोन पालथा ठेवायचे.

पुढं एका पावसाळ्यात माझं सोयाबीन उगवलंच नाही. बियाणं त्याच जावयाच्या दुकानातलं. मी गप्प बसणार होते. लेकीचा संसार, शेजाराचा प्रश्न. पण आण्णाच बांधावर येऊन उभे राहिले. माती उकरून सडका दाणा तळहातावर घेतला.

"तक्रार करा, आक्का."

"तुमचाच जावई हाय की हो!"

"मग कलम काय लोणचं घालायला केलंय?"

धाराशिवला ग्राहक आयोगात तारीख लागली. आण्णा तोवर माजी झालेले. शिपायानंही ओळख दिली नाही. ते माझ्या शेजारी बाकावर टेकले. समोरच्या बाकावर जावई आणि लेक.

"मामा, तुम्ही कुणाकडनं?"

"गिऱ्हाइकाकडनं."

दुपार झाली तरी पुकारा होईना. लेक उठली आणि थेट आमच्यापुढं आली. म्हटलं, झालं, आता बापाचा उद्धार! तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या नि आण्णांच्या मधे ठेवला.

"साखरेची गोळी घेतली का, आण्णा?"

विधानसभेत अध्यक्षांनी किती घंटा बडवली तरी खाली न बसणारा हा माणूस. नुसती मान हलवली, तीही खोटी. तिनं पर्समधून गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि डबा थोडा सरकवून तिथंच बसली.

समोरून जावई म्हणाला, "अगं, आपला बाक हिकडं हाय."

"पुकारा झाला की येते," लेक डबा उघडत म्हणाली. "तवर हितंच बसते."