नाकतोड्याचा मागचा पाय

आमच्या बाई किडा बघायच्या तेव्हा चष्मा कपाळावर चढवायच्या. जवळचं त्यांना नुसत्या डोळ्यांनी जास्त स्वच्छ दिसायचं. नाक किड्याला टेकेल इतकं खाली न्यायच्या आणि मागून कुणी "मॅडम, हा कोण?" म्हणून विचारलंच, तर मान न वळवता म्हणायच्या, "नाव नंतर. आधी बघा."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीहून तासगावकडे जाताना लागणाऱ्या एका कॉलेजात मी मराठी शिकवत होतो आणि बाई कीटकशास्त्र. आमच्याच मजल्यावर ड्राफ्ट्समनचा कोर्स चालायचा. म्हणजे एका खोलीत कविता, दुसरीत झुरळं आणि तिसरीत रेघा मारायचे टी-स्क्वेअर. तुम्ही अशा कॉलेजात शिकला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे भिंती फक्त नकाशात असतात. ऐकू सगळं सगळ्यांना येतं.

मी एकदा वर्गात रंगात येऊन म्हणालो, "रात्र झाली आणि रातकिड्यांनी कंठशोष सुरू केला." दारात बाईंचं डोकं आलं. "सर, रातकिड्याला कंठ नसतो. तो पंखावर पंख घासतो. आणि त्यातही फक्त नर." एवढं सांगून डोकं गेलं. त्या वर्षी पोरं मला 'कंठवाले सर' म्हणत होती. बाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी मनापासून विचारलं, "मग आता दुरुस्त केलंत ना?"

त्या मूळच्या मेढ्याच्या. लग्न होऊन मिरजेला आलेल्या. बोलणं अगदी पुस्तकी, पण राग आला किंवा माया दाटली की गाव बाहेर पडायचं. द्राक्षबागवाले पिशवीत पानं घेऊन थेट त्यांच्या प्रयोगशाळेत शिरायचे. "आवं बाई, ह्ये काय लागलंय बघा की," म्हणत पिशवी टेबलावर उपडी करायचे. बाई चष्मा वर चढवायच्या. पाच मिनिटांनी म्हणायच्या, "ह्यो तुमचा दोस्त हाय. ह्याला मारू नका. मारायचा त्यो पानाच्या खाली बसलाय." शेतकरी पान उलटं करून बघायचा आणि चहा सांगायचा.

ड्राफ्टिंगचे सर वाळव्याकडचे. भाऊ फौजेत, घरचा ऊस, आणि यांना मात्र लहानपणापासून सरळ रेघेचं वेड. त्यांना अपुरं काही बघवत नसे. स्टाफरूममधलं कॅलेंडर तिरकं दिसलं की चहा ठेवून उठायचे. बाईंचा आणि त्यांचा रोज एक तरी खटका उडायचा. बाई म्हणायच्या, "निसर्गात सरळ रेघ न्हाई, सर." सर म्हणायचे, "म्हणून तर आमची गरज हाय." दोघांचा डबा मात्र एकाच टेबलावर उघडायचा.

मग एका वर्षी बातमी आली की कीटकशास्त्र हा विषय बंद करायचं चाललं आहे. मुलं कमी येतात, म्हणून विद्यापीठाची समिती येऊन ठरवणार होती. बाईंनी अर्धं आयुष्य त्या विषयात घातलेलं. मधल्या सुट्टीत त्या डबा उघडेनाशा झाल्या. प्राचार्यांनी सांगितलं, "मॅडम, तुमचा संग्रह चांगला दाखवा. त्यावरच काय व्हायचं ते होईल."

संग्रह म्हणजे काचेच्या झाकणाच्या पेट्या. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं पकडून टाचणीला लावलेले किडे. कुणाची मिशी गेलेली, कुणाचा पंख. खालच्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या होत्या, म्हणून त्या सुबक अक्षरात नव्याने लिहून द्याव्यात असं बाईंनी ड्राफ्टिंगच्या सरांना सांगितलं. सर रविवारी येऊन बसले. चिठ्ठ्या झाल्या. आणि मग त्यांची नजर वरच्या किड्यांवर गेली.

समिती आली तेव्हा मी तिथेच होतो, कारण पाहुण्यांचं स्वागत हे कुठल्याही कॉलेजात मराठीच्या माणसाकडेच असतं. अध्यक्ष पेट्यांवरून हळूहळू सरकत गेले. "वा," ते म्हणाले, "एकही नमुना अपुरा नाही. या भागात असा संग्रह मी पाहिला नाही." प्राचार्यांचा चेहरा खुलला. दारात उभे असलेले ड्राफ्टिंगचे सर माझ्याकडे बघून हसले.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. एका पेटीवर वाकल्या, मग दुसरीवर. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. गळून पडलेले पाय आणि मिश्या त्या एका डबीत जपून ठेवत. सरांनी ती डबी शोधून, चिमट्यानं, डिंकानं, ज्याला जे कमी होतं ते ते लावून दिलं होतं. काम इतकं सफाईदार होतं की समितीतल्या तिघांपैकी कुणालाही शंका आली नव्हती. बाई गप्प राहिल्या असत्या तर विषय बहुतेक वाचला असता. सरांचं हसू आणि बाईंचे कान बघून मला ते कळलं होतं आणि त्यांनी गप्प राहावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

"सर," बाई अध्यक्षांना म्हणाल्या, "हा नाकतोडा आहे. पण हा मागचा पाय त्याचा नाही, टोळाचा आहे. त्या पेटीतही असं झालंय. हा संग्रह आज मला दाखवता येणार नाही."

अध्यक्ष गोंधळले. "मॅडम, आमच्या लक्षातही आलं नव्हतं."

"म्हणून तर सांगितलं."

कुणी केलं, हे त्यांना विचारलं गेलं. बाई म्हणाल्या, "प्रयोगशाळा माझी आहे." दारातले सर केव्हा निघून गेले ते कळलं नाही.

विषय बंद झाला. कागदावर कारण मुलांच्या संख्येचंच होतं. बाईंना संस्थेच्या साताऱ्याच्या कॉलेजात साधं प्राणिशास्त्र शिकवायला पाठवलं. पेट्या बरोबर न्यायची परवानगी मिळाली. ड्राफ्टिंगचे सर त्या दिवसापासून त्यांच्यासमोर येत नव्हते. निघायच्या दिवशी मात्र पेट्या बांधायला सुतळी घेऊन आले.

"बाई, माझ्यामुळं गेला का वो विषय?"

"पोरं नव्हती म्हनून गेला. आन् तुमी पाय लावला त्यो माझ्यासाठी लावला, ते काय मला कळत न्हाई व्हय?"

सरांनी नाकतोड्याची पेटी पुढे ओढली. म्हणाले, "त्यो पाय काढून टाकतो."

"आता ओढाल तर सगळाच मोडंल. राहू द्या. खाली चिठ्ठी तेवढी लिहा."

सरांनी खिशातून पेन काढलं. टेबलावर वाकून त्यांनी छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'नाकतोडा. मागचा उजवा पाय टोळाचा. मित्राने लावला.' बाईंनी ती चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली, शेवटच्या दोन शब्दांवर जरा थांबल्या आणि स्वतःच्या हाताने टाचणीला ओवली.